एकाच बादलीत धुतलेल्या गाडीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

वडगाव, बेळगाव
१३ ऑक्टोबर २०२५

विषय : बेळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी धुताना रंगाला पडलेले चरे आणि ते घालवण्यासाठी केलेलं रबिंग

महोदय,

यंदाच्या पाडव्याला आम्ही तुमच्या कंपनीची गाडी घेतली. रंग गडद निळा. घरातली ही पहिली चारचाकी. ३० सप्टेंबरला, म्हणजे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सहा महिन्यांच्या सर्व्हिसिंगसाठी ती तुमच्या इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये सोडली. संध्याकाळी सातला ताब्यात घेतली तेव्हा अंधार पडला होता, गाडी ओली होती. सही केली आणि घरी आलो. सकाळी दारात पूजा मांडली. झेंडूचा हार घालताना ऊन नेमकं बॉनेटवर पडलं होतं. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं माग चालवला आहे, तुटलेला धागा त्यांना लांबून दिसतो. तेच आधी म्हणाले, "हे काय रे? घासणीनं घासली काय गाडी?"

वाकून बघितलं तर सबंध बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. नख फिरवलं तर हाताला लागत नाहीत, पण ऊन पडलं की निळ्याचा राखी होतो. चारही दारांवर आणि डिकीवर तेच. छपरावर मात्र फारसं काही नाही, कारण तिथवर हात नीट पोचत नाही. ड्रायव्हरच्या दारावर, हँडलच्या खाली, तीन लांब चरे आहेत आणि त्यांत नख अडकतं. सणाच्या दिवशी वडील त्यानंतर काही बोलले नाहीत. आरती झाल्यावर ते गाडीकडे पाठ करून बसले, हे मला अजून विसरता येत नाही.

मी उद्यमबागेत एका पावडर कोटिंगच्या, म्हणजे पत्र्यावर रंगाची पूड मारून ती भट्टीत भाजायच्या, युनिटमध्ये सुपरवायझर आहे. रंगाची जाडी मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे गाडी घेतली त्याच आठवड्यात कारखान्याच्या मीटरने बॉनेटवर पाच ठिकाणी माप घेऊन ठेवलं होतं. ११४ ते १२१ मायक्रॉन. हा आकडा सगळे थर मिळून आहे : पत्र्यावरचा पहिला थर, प्रायमर, निळा रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस ७० च्या आसपास धरला तर गाडीची सगळी चकाकी केसाहून पातळ पडद्यावर उभी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवतो तोही हाच थर. तुमच्या वॉशिंगच्या जागेवर त्याला ज्या तऱ्हेनं घासलं जातं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून हे पत्र लिहितोय.

४ ऑक्टोबरला, शनिवारी, मी गाडी घेऊन परत गेलो. सर्व्हिस ॲडव्हायझरने पहिलं उत्तर दिलं की डार्क कलरला असं दिसतंच. दिसतं हे खरं, पण चरा पडल्याशिवाय दिसत नाही. त्यानंतर तो म्हणाला की चरे गोल गोल आहेत, म्हणजे तुम्ही घरी गोल हात फिरवून पुसता. यावर मी त्याला तिथेच मोबाइलचा टॉर्च लावून दाखवलं. टॉर्च डावीकडे नेला की गोल डावीकडे सरकतात, उजवीकडे नेला की उजवीकडे. चरे सगळ्या दिशांना आडवेतिडवे असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल कडी दिसतात. कोणी हात कसा फिरवला हे त्या गोलांवरून ठरत नाही. त्याला ते पटलं असावं, कारण नंतर त्याने मोफत रबिंग-पॉलिश करून द्यायची तयारी दाखवली. मी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर नमुना म्हणून करा म्हटलं आणि तेवढा वेळ काचेपलीकडे उभा राहून वॉशिंग बघत बसलो.

तुमच्यापर्यंत पोचायला हवं ते इथून पुढे आहे.

दीड तासात सात गाड्या आल्या. धुणारी पोरं दोन. दोघांत एक निळी बादली आणि दोन पिवळे स्पंज. प्रेशरच्या पाण्याने चाकांचा आणि खालचा चिखल उडवला जात होता, तेवढं बरोबर होतं. पण वरच्या बाजूला नुसता फेस मारून, तो खाली ओघळायच्या आधी आणि त्यावर पाणी न मारता, लगेच स्पंज फिरत होता. फेसाचं काम घाण सैल करून पाण्याबरोबर खाली न्यायचं. ती धुऊन न टाकता वर स्पंज घातला की सैल झालेला प्रत्येक कण स्पंजच्या तोंडाशी येतो. तो स्पंज उंबऱ्याखालच्या पट्टीवरून, चाकाच्या कमानीतून फिरून परत त्याच बादलीत, आणि तिथून पुढच्या गाडीच्या बॉनेटवर. एकदा एका पोराच्या हातातून तो खाली सिमेंटवर पडला. त्याने उचलला, झटकला आणि पांढऱ्या गाडीच्या दारावर लावला. पाणी चौथ्या गाडीपर्यंत बदललं नव्हतं.

आमच्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर तरी खानापूर, जांबोटीच्या बाजूला जाऊन आलेली गाडी चाकापासून काचेपर्यंत तांबडी होते. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती डांबरावर येते. उद्यमबागेत आणि मच्छेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर फाउंड्रीची लोखंडी धूळ बसते ती वेगळीच. हे सगळं त्या एका बादलीत उतरत होतं. पोरं पाणी आणायला गेली तेव्हा मी बादलीच्या तळातलं पाणी एका रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. रात्रभर ठेवलं तर सकाळी खाली बोटभर तांबडा गाळ बसला होता, वर पाणी जवळजवळ नितळ. चिमूटभर गाळ आरशाच्या फुटक्या तुकड्यावर टाकून ओल्या स्पंजने दहा वेळा घासला. काचेवर चरे पडले. मातीतल्या गारगोटीच्या कणांचा कठीणपणा मोजण्याच्या मापात ७ येतो, काचेचा साडेपाचच्या आसपास. काच जिथं टिकत नाही तिथं क्लिअर कोटची काय कथा. बाटली आणि काच दोन्ही जपून ठेवली आहेत, तुमचा माणूस आला तर दाखवेन.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. वॉशिंगच्या जागेच्या भिंतीवर तुमच्याच कंपनीचा तक्ता लावला आहे. त्यात सगळं बरोबर लिहिलं आहे : आधी भरपूर पाणी, मग शाम्पू, दोन बादल्या, वरून खाली, चाकांना वेगळा ब्रश. पण तो सगळा इंग्रजीत. त्यातल्या एका पोराला मी विचारलं तर तो म्हणाला, "मला कन्नड वाचता येतं, हा मराठीवाला. इंग्लिश कोण वाचणार सर?" दुसरी बादली तिथंच भिंतीला लागून उलटी पडली होती. तिच्यावर बसून ते चहा पितात, कारण बसायला दुसरं काही दिलेलं नाही. एका गाडीला बारा मिनिटं, असा हिशेब त्यांना लावून दिला आहे. बारा मिनिटांत दोन बादल्या भरून, स्पंज पिळून, पाणी बदलून गाडी होत नाही. मी घरी करतो, मला माहीत आहे.

घरी मला पाऊण तास लागतो. ऊन उतरल्यावर, पत्रा थंड झाला की सुरू करतो, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दोन्हीच्या तळाशी भाजी धुवायची प्लास्टिकची रोळी उलटी टाकलेली असते, म्हणजे बसलेली माती पुन्हा हाताला येत नाही. आधी नळीने वरून खाली पाणी सोडतो, चिखल भिजून सुटेपर्यंत कशालाच हात लावत नाही. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग या क्रमानं, सरळ रेषेत, नुसत्या मोज्याच्या वजनानं. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळखळून धुवायचा, मगच परत शाम्पूत. दारांच्या खालच्या पट्ट्या सगळ्यांत शेवटी, चाकांना फडकं वेगळं. मोजा खाली पडला तर त्या दिवशी तो परत गाडीला लागत नाही. पुसतानाही घासत नाही. जाड टॉवेल पसरून ठेवायचा, पाणी तो स्वतः ओढतो. हे टॉवेल आई सुती कपड्यांत मिसळू देत नाही आणि कपडे मऊ करायचं औषधही त्यांना लागू देत नाही, त्याने तंतू बुजतात आणि टॉवेल पाणी धरेनासा होतो. बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरत नाही, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. सहा महिने दर रविवारी हे केलं. २८ सप्टेंबरचे, सर्व्हिसिंगच्या दोन दिवस आधीचे, उन्हातले फोटो सोबत जोडले आहेत. बॉनेटवर आमच्या गल्लीतली तार स्पष्ट उमटलेली दिसते.

आता रबिंगबद्दल. दीड तासानं डावा कोपरा करून दिला. ट्यूबलाइटखाली चकाचक दिसत होता. बाहेर उन्हात आणला तर जाळं पुसट झालं होतं, पण मशीनच्या चाकाचे लांब पट्टे त्यावर उमटले होते, चालताना ते आपल्याबरोबर सरकतात. सोमवारी कारखान्यात मीटर लावला. उजवी बाजू जशीच्या तशी, ११५ ते १२०. डावा कोपरा १०९ ते ११२. म्हणजे सहा-सात मायक्रॉन क्लिअर कोट दीड तासात गेला आणि वर नवे चरे मिळाले. रबिंगने चरा भरत नाही, आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, एवढं तुमच्या बॉडीशॉपला माहीत असणारच. दर सर्व्हिसिंगला असं धुवायचं आणि दर वेळी असं मोफत घासून द्यायचं, तर चार-पाच वेळांत हा थर कुठं राहील?

रबिंग करताना त्यांनी आधी मोजलं नाही, नंतर मोजलं नाही. मीटर आहे का विचारलं तर आमच्याकडे नसतो म्हणाले. ज्या कंपनीच्या कारखान्यात रंगाची जाडी मीटरने तपासली जाते, तिच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तोच रंग डोळ्यांच्या अंदाजानं उतरवला जातो, हे मला मान्य नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. उरलेलं बॉनेट, चारही दारं आणि डिकी यांचं काम रंगाची जाण असलेल्या डिटेलिंगच्या माणसाकडून कंपनीच्या खर्चाने व्हावं, सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करून, आणि प्रत्येक भागाचं आधीचं व नंतरचं माप मला लेखी मिळावं. डाव्या कोपऱ्याला आता मशीन लावायचं ते पट्टे जाण्यापुरतंच. नखात अडकणारे तीन चरे पॉलिशने जाणार नाहीत, तिथं किती काम लागेल ते तुमच्या तज्ज्ञाने येऊन सांगावं. बॉनेट नव्याने रंगवून देतो असं ॲडव्हायझर फोनवर म्हणाला, त्याला माझा नकार आहे. कारखान्यातला रंग उघड्या पत्र्यावर १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो. वर्कशॉपमध्ये वायरिंग, रबर, प्लास्टिक गाडीला लागलेलं असतं, तिथं ६० च्या पुढे फारसं जाता येत नाही. मी रोज भट्टीसमोर उभा असतो, या दोन रंगांत किती फरक पडतो ते मला कोणी सांगायला नको.

जॉब कार्डवर "गाडी धुऊ नये" असा रकाना ठेवा. ज्याला घरी धुवायची आहे त्याला तेवढी मुभा असावी. वॉशिंगच्या जागेवर दोन बादल्या, तळाला जाळ्या, चाकांचे वेगळे ब्रश आणि पुरेसे मोजे द्या. भिंतीवरचा तक्ता कन्नड आणि मराठीत लावा, चित्रांसह. बारा मिनिटांचा हिशेब बदला.

आणि एक विनंती, जी माझ्या दृष्टीने भरपाईइतकीच महत्त्वाची आहे. त्या दोन पोरांच्या पगारातून एक रुपयाही कापू नका, त्यांना कामावरून काढू नका. ४ तारखेला ॲडव्हायझरने माझ्यासमोर त्यातल्या एकाला बोलावून झापायला सुरुवात केली, तेव्हा मीच थांबवलं. त्याचे हात फेसाने फुगलेले होते, पायात रबरी बूटसुद्धा नव्हते. त्याला कोणी शिकवलं नाही, पाणी बदलायला वेळ दिला नाही, वाचता येईल असा तक्ता दिला नाही. चरे त्याच्या हातून पडले असतील, पण ते त्या बादलीचे आहेत आणि बादली तुम्ही दिलेली आहे.

जॉब कार्डची प्रत, २८ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरचे फोटो, टॉर्चचा व्हिडिओ आणि दोन्ही वेळच्या मापांचा कागद सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, पण मला तिथवर जायचं नाही. दिवाळी आठवड्यावर आली आहे. पाडव्याला वडील पुन्हा गाडीला हार घालतील, त्याच्या आधी निदान तुमचा माणूस येऊन गाडी बघून जावा. सकाळी नऊ ते दहा बॉनेटवर समोरून ऊन असतं, त्या वेळी यावं.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक सोबतच्या जॉब कार्डवर)