ट्रकचालकाच्या उन्हाळ्याविषयी परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

उन्हाळा लागला की ट्रकचालकांसाठी सूचना निघतात: भरपूर पाणी प्या, टायरमधली हवा तपासा, दुपारी विश्रांती घ्या. यातली एकही सूचना चुकीची नाही. मात्र त्या पाळायला जो वेळ लागतो, तो चालकाच्या हातात नसून माल कधी भरायचा आणि कधी पोहोचवायचा हे ठरवणाऱ्यांच्या हातात असतो, आणि त्यांना क्वचितच कोणी काही सांगते.

टायरचेच पाहा. हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर. 100 पीएसआय हवा भरलेल्या टायरचा दाब तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढल्यावर साधारण 4 पीएसआयने वाढतो आणि ही वाढ टायरची रचना करतानाच गृहीत धरलेली असते. घाईत थांबलेला चालक दाब जास्त दिसतो म्हणून तापलेल्या टायरमधली हवा सोडतो आणि खरा धोका तिथे सुरू होतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, त्याची बाजू सतत वाकून आतून तापत जाते आणि अखेर थर सुटून तो फुटतो. मागच्या जोडचाकांमधला आतला टायर तर बसला तरी चटकन लक्षात येत नाही, कारण शेजारचा टायर त्याचाही भार उचलून गाडी चालती ठेवतो. त्या आतल्या टायरला गेज लावायचे तर खाली वाकून दोन चाकांच्या फटीत हात घालावा लागतो. उशिराचा दंड डोक्यावर असलेला माणूस हे रोज करील, अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

रेडिएटरचेही तसेच आहे. त्याच्या जाळीत धूळ आणि किडे साचले की इंजिन तापते. आतले कूलंट दाबाखाली असल्याने 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, पण झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते. इंजिन निवेपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय आहे, म्हणजे पुन्हा वेळच.

परंतु सर्वांत जास्त हाल गाडी उभी असताना होतात. माल भरण्याच्या रांगेत डिझेल जळू नये म्हणून इंजिन बंद ठेवावे लागते, त्यामुळे वातानुकूलन असले तरी बंदच. रांग कधी सरकेल याचा नेम नसल्याने केबिन सोडता येत नाही. आणि जवळपास स्वच्छतागृह नसेल तर चालक मुद्दाम कमी पाणी पितो. अशी दुपार काढून तोच माणूस रात्रभर गाडी चालवतो. शरीराचे तापमान 40 अंशांपर्यंत गेले की उष्माघातात बोलणे अडखळते, भान हरपू लागते. केबिनमध्ये एकट्या असलेल्या माणसाची ही लक्षणे ओळखणार कोण?

म्हणून माझी विनंती अशी की, माल भरण्या-उतरवण्यासाठी ताटकळण्याचा वेळ चालकाच्या कामाच्या तासांत धरावा आणि ठरावीक मर्यादेपुढच्या विलंबाची भरपाई गाडी ताटकळत ठेवणाऱ्याकडून घ्यावी. जिथे माल भरला-उतरवला जातो तिथे सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह सक्तीचे करून रांगेला टोकन पद्धत लावावी, म्हणजे चालकाला केबिनबाहेर येऊन बसता येईल. उष्णतेच्या लाटेचा अधिकृत इशारा असेल त्या दिवशी उशिराबद्दल भाड्यातून कपात करण्यास मनाई असावी.

सावली आणि स्वच्छतागृहे उभी राहायला काही काळ लागेल, हे मी जाणतो. ताटकळण्याचे तास मोजण्याच्या नियमाला मात्र बांधकाम लागत नाही. गाडी आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ फाटकावरच्या नोंदवहीत लिहिलेली असतेच. ती नोंद चालकालाही मिळावी, एवढा आदेश आपण पुढच्या उन्हाळ्याआधी काढावा.

आपला नम्र,
मालवाहतुकीशी संबंधित एक नागरिक