सूचना : डायलिसिसला सोबत जाणाऱ्या सभासदांसाठी

मंगळवारी आईचं डायलिसिस चालू असताना खाली मारामारी झाली आणि सुरक्षारक्षकांनी दवाखान्याचं शटर ओढून घेतलं. मी चहाला बाहेर आलेलो. फाईल, गोळ्या, तिचा मोबाईल, सगळं माझ्याच पिशवीत. तासभर शटरला कान लावून उभा होतो. आत तिची साखर उतरली; सिस्टरांनी वेळीच ग्लुकोज दिलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

म्हणून कळकळीची विनंती. डायलिसिसची एक पाळी साधारण ४ तासांची. रक्त मशिनमध्ये फिरत असताना पेशंटला उठता येत नाही. फाईल अन् चार्ज केलेला मोबाईल त्याच्या उशाशीच ठेवा. दाराशी हुज्जत घालू नका, आत फोन लावा. पोलिसांची मदत लागली तर ११२.

संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या (मानाच्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, तेव्हाची पाळी आधीच बदलून घ्या.