लाल टॉर्चवाल्या काकांचे आभार

मृगातला तेजोमेघ टिपायचा म्हणून दोन तास थंडीत कुडकुडत होतो, आणि प्रत्येक फोटोत तारे म्हणजे नुसते कापसाचे गोळे. लेन्सच बिघडली असं ठरवून आवराआवर सुरू केली. तेवढ्यात शेजारच्या दुर्बिणीवरचे काका लाल टॉर्च घेऊन आले.

‘लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबलात ना?’

विसंबलो होतो! त्यांनी ऑटोफोकस बंद करायला लावला, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, व्याधाचा तारा दहापट मोठा केला आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत माझ्याच हातानं रिंग फिरवून घेतली. रिंग हलू नये म्हणून वर चिकटपट्टी. माझं 30 सेकंदांचं एक्स्पोजर पाहून मात्र हसले. तारे सरकून रेघा उमटू नयेत म्हणून त्यांचा अंदाजी नियम: 500 भागिले लेन्सची फोकल लांबी 50 मिमी म्हणजे 10 सेकंद. माझा सेन्सर लहान, म्हणून 6. ताऱ्यांच्या रेघा थांबल्या.

मग लेन्सवर दव धरलं. काकांनी स्वतःच्या दुर्बिणीची हीटर पट्टी सोडून माझ्या लेन्सला गुंडाळली. पट्टी परत द्यायला गेलो तेव्हा कळलं, त्यांची काच केव्हाच दवानं भरली होती, त्यांची रात्र तिथंच संपली होती. त्याबद्दल अवाक्षर नाही.

नाव विचारायचं राहिलंच. काका, त्या 80 फ्रेम एकत्र केल्या. तेजोमेघ आलाय, गुलाबी कडेसकट. मनापासून आभार.