हर्बेरियमला आधी माणसे द्या, स्कॅनर नंतर

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री यांस,

स. न. वि. वि.

हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदाच्या शीटवर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. २०२२ मध्ये कोलकात्यात अशा नमुन्यांचे स्कॅन ऑनलाइन दाखवणारे भारतीय आभासी हर्बेरियम सुरू झाले, त्याचा मला आनंदच आहे. हावड्याच्या शिबपूरमधल्या केंद्रीय हर्बेरियममधले नमुने पुण्यात बसून बघता येतात, ही सोय लहान नाही. पण तेव्हापासून बैठकांमध्ये एक सूर कानावर येतो: सगळे ऑनलाइन आले, आता जुने कागद सांभाळायला एवढी माणसे कशाला? म्हणून हे पत्र.

फोटोतले पान उलटून बघता येत नाही. वाळलेले फूल पाण्यात उकळून मऊ करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली उघडायचे आणि पुंकेसर मोजायचे, हे फोटोवर कसे करणार? शीटच्या कोपऱ्यात कागदाची एक पुडी चिकटवलेली असते. गळलेल्या पाकळ्या, बिया तिच्यात ठेवतात. ओळख पटवताना कित्येकदा सगळे त्या पुडीवरच अडते, आणि स्कॅनमध्ये ती बंदच दिसते.

शिबपूरच्या वनस्पती उद्यानाने, तिथल्या बागेने, माणसांवाचूनचे हर्बेरियम एकदा भोगले आहे. १७८७ मध्ये रॉबर्ट किडने कंपनी सरकारसाठी ही बाग उभारली. १७९३ मध्ये बागेचा प्रमुख म्हणून आलेल्या रॉक्सबर्गने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांवर वनस्पतिचित्रे काढून घेतली. त्या चित्रकारांची नावे आपल्याला जवळजवळ माहीत नाहीत. पुढे बागेचा प्रमुख झालेल्या नॅथॅनिएल वॉलिचने गोळा केलेले नमुने १८२८ मध्ये थेट लंडनला नेले आणि तिथे बसून त्यांची यादी केली. क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेले. दुबार नमुने युरोपभर वाटले गेले आणि मुख्य संच १८३२ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेला मिळाला. आज तो लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात आहे. वॉलिचची बाजू घेणारे म्हणतात, बंगालच्या दमटपणात आणि किड्यांत ते नमुने टिकले नसते. असेलही. पण ज्या बागेच्या नावाने ते गोळा झाले, तिच्या हाती फारसे काही उरले नाही.

१८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी बागेतली झाडे झोपवली. १८७१ मध्ये जॉर्ज किंग प्रमुख म्हणून आला तो अशा बागेत. झाडे त्याने लावलीच, पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरे काम. हर्बेरियमला स्वतंत्र इमारत मिळाली, देशोदेशींशी नमुन्यांची देवाणघेवाण सुरू झाली, मलायातल्या पेराकपासून सिक्कीमपर्यंत संग्राहक नेमले गेले. १८८७ मध्ये डेव्हिड प्रेन हा हर्बेरियमचा क्युरेटर झाला, तोच पुढे क्यूचा संचालक. १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण स्थापन झाले, त्याचा पहिला संचालकही किंगच. त्या काळच्या कित्येक लेबलांवर छापलेले असते: ‘डॉ. किंग यांचा संग्राहक’. सिक्कीमच्या ओल्या जंगलात जळवा झटकत हिंडलेल्या लेपचा जमातीच्या माणसाची ओळख एवढीच. आभासी हर्बेरियमच्या डेटाबेसमध्ये संग्राहकाचा रकाना आहे. जुन्या नोंदवह्या चाळून जिथे सापडतील तिथे ही नावे त्यात भरता येतील. त्यालाही माणूसच लागेल.

आज काम फारसे बदललेले नाही. नमुना दाबून वाळवताना टीपकागद रोज बदलायचे, पावसाळ्यात तर दोनदा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बुरशी. मग किडीविरुद्ध विषप्रक्रिया, जाड देठाला दोऱ्याचे टाके, खाली उजवीकडे लेबल, आणि कुळाप्रमाणे कपाटात रवानगी. ही शेवटची पायरी बाहेरच्याला क्षुल्लक वाटते. पण वीस लाखांहून अधिक नमुन्यांत चुकीच्या कप्प्यात गेलेली शीट हरवल्यातच जमा असते. हे कौशल्य जुन्या माणसाशेजारी बसूनच येते. दर वर्षी निविदा काढून नवा ठेकेदार आणला, तर ते कोणाकडे साठणार?

शिवाय कायदा तुमचाच आहे. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती शोधणाऱ्याने तिचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करायचा असतो. सह्याद्रीत आजही गवते, गेंद, खर्चुडी अशा वनस्पतींच्या नव्या जाती सापडतात. आम्ही नमुने पाठवतो. ते चिकटवायला, नोंदवायला, दहा वर्षांनी उघडून तपासायला तिकडे कोणी नको का? जुन्नरच्या डोंगरातली शिंदळ माकुडी ही वनस्पती डॅलझेल या इंग्रजकालीन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईच्या गव्हर्नर फ्रिअरच्या नावे केली, आणि डॅलझेलच्या संग्रहासाठी आपण आजही क्यूला पत्रे लिहितो. नव्या जातींच्या बाबतीत ती वेळ यायला नको, यासाठीच तर हे कलम आहे.

मालवणच्या शं. पु. आघारकरांनी कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही विज्ञानसंस्था उभी केली. तिथले हर्बेरियम आम्हाला आजही उपयोगी पडते, कारण तिथे वर्षानुवर्षे कपाटे सांभाळणारी माणसे होती.

तेव्हा मागणी साधी आहे. शिबपूरच्या केंद्रीय हर्बेरियममध्ये आणि पुण्यासह सर्व प्रादेशिक केंद्रांत नमुने चिकटवणारे व हर्बेरियम सांभाळणारे यांची पदे कायमस्वरूपी भरा. निवृत्त होणाऱ्याच्या हाताखाली नवा माणूस निदान वर्षभर आधी येऊ द्या. आणि कपाटांच्या खोल्यांतल्या दमटपणाची नोंद रोज घेऊन ती जाहीर करा, स्कॅनचा आकडा जाहीर करता तशी.

आपला,
पश्चिम घाटातल्या गवतांचा एक अभ्यासक, पुणे