डिंकाची मात्रा पोटात गेली का, हे अहवालात लिहायला लावा

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

गुऱ्हाळात उसाचा रस निवळायला भेंडीचा चिकट रस वापरणे कोल्हापूरला नवे नाही. हीच भेंडी, चिंचोके आणि गवारीचे बी यांतले बहुशर्करी पदार्थ, म्हणजे चिकट डिंक, गोळीत बंधक (गोळी एकसंध धरणारा पदार्थ) म्हणून किंवा औषध सावकाश सुटावे म्हणून वापरता येतात. शेतकऱ्याच्या मालाला यातून भाव मिळावा असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच त्यांच्या सुरक्षितता चाचण्यांबद्दल लिहीत आहोत.

‘किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित’ असा शेरा उंदरांवरील चाचणीच्या अहवालात सहज येतो; किलो म्हणजे उंदराच्या वजनाचा. त्याचा हिशेब पाहावा. २०० ग्रॅमच्या उंदराला ही मात्रा ४०० मिलिग्रॅम होते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, तोंडावाटे दिलेल्या मात्रेची विषारीता तपासण्याच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीनुसार पाण्यातले द्रावण १०० ग्रॅम वजनाला २ मिलिलिटरपर्यंत देता येते, म्हणजे फार तर ४ मिलिलिटर. तरीही द्रावण १० टक्के ठेवावे लागते. गवारीचा डिंक १ टक्क्यालाच दाट होतो. १० टक्क्यांचा लगदा थेट पोटात द्रावण सोडणाऱ्या नळीच्या सुईतून उतरत नाही. जोर केला तर अन्ननलिकेला इजा होते किंवा लगदा श्वासनलिकेत जातो. पातळ केला तर मात्राच घटते. मात्रा २४ तासांत विभागून देण्याची मुभा त्याच पद्धतीत आहे. ती घेतली का, किती वेळा दिले, द्रावणाचा दाटपणा किती होता, याची नोंद अहवालात असलीच पाहिजे.

२८ दिवसांच्या चाचणीत वेगळाच घोळ होतो. पोट भरल्यामुळे उंदीर कमी खातात, वजन घटते. न पचलेला डिंक आंबून अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) फुगते. हे विषाचे लक्षण समजले जाते, किंवा उलट, खरे विषाचे लक्षण ‘डिंकामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. तेवढ्याच दाटपणाचे मिथिलसेल्युलोज (द्रावण दाट करणारा निरुपद्रवी पदार्थ) दिलेला, तुलनेसाठीचा दुसरा नियंत्रण गट ठेवला, रोजचे खाणे मोजले, तर फरक कळतो.

चाचणीचा नमुना आणि कारखान्यातला माल एकच हवा. प्रयोगशाळेत २० ग्रॅम चिंचोका पूड उकळून, गाळून, अल्कोहोलने साका काढून ५० अंशांवर वाळवतात. कारखान्यात वाळवण रेंगाळली की बुरशी धरते, धुणे कमी पडले की प्रथिने उरतात आणि ती ॲलर्जीला कारण ठरू शकतात. २००७ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या गवार डिंकात पेंटाक्लोरोफिनॉल हे बुरशीनाशक आणि डायॉक्सिन ही विषारी रसायने सापडली होती. डिंक निर्दोष होता, भेसळ बाहेरून आली होती.

परवाना देताना प्रत्येक बॅचमागे वनस्पतीचा ओळख-नमुना, नायट्रोजनचे प्रमाण (यावरून उरलेली प्रथिने कळतात), शिसे-आर्सेनिक, कीटकनाशके, ई. कोलाय व साल्मोनेला यांचे निकाल मागावेत. गोळी थोड्या पाण्यात किती फुगते हेही तपासावे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत गवार डिंकाच्या वजन घटवण्याच्या गोळ्या लोकांच्या अन्ननलिकेत अडकल्या होत्या. आमची पहिली मागणी मात्र एकच आहे. मात्रा कशी दिली याचा तक्ता नसलेला अहवाल औषध निरीक्षकांनी परत पाठवावा, असे परिपत्रक काढावे.

आपले,
कोल्हापूर परिसरातील औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षक