लग्नातील फुलांचे अर्थ आणि उपयोग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील लग्नसमारंभातील फुलांवरचा लेख वाचला. कोणते फूल कशाचे प्रतीक आहे हे सांगणारी त्यातील यादी रंजक आहे. परंतु ते अर्थ त्या त्या फुलाला अनादी काळापासून चिकटलेले असावेत, असा समज ती वाचून होतो आणि तो बरोबर नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

अशा याद्यांना युरोपात बहर आला तो एकोणिसाव्या शतकात. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये ‘फुलांची भाषा’ शिकवणारे एक पुस्तक निघाले, त्यामागोमाग अनेक आली आणि त्यांचे आपापसांत एकमत नव्हते. पिवळा गुलाब त्या काळी मत्सराचा मानला जाई, आज तो मैत्रीचा म्हणून खपतो. शेवंती फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या आरंभी थडग्यांवर वाहतात, तर जपानमध्ये ती सम्राटाच्या घराण्याचे मानचिन्ह आहे. तेव्हा दोन वेगळ्या समाजांतील कुटुंबे जोडली जात असतील, तर छापील यादीपेक्षा समोरच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेले बरे.

माझ्या मते टिकतात ती प्रतीके झाडाच्या स्वभावातून आलेली असतात. संत्र्याचे झाड सदाहरित असते आणि त्याच्यावर फुले व फळे एकाच वेळी दिसू शकतात, म्हणून त्याचा मोहर सुफल संसाराची खूण झाला. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीने लग्नात याच फुलांचा मुकुट घातला. पुढे १८४६ मध्ये तिचा पती अल्बर्ट याने तिला त्याच घडणीचे शिरोभूषण दिले. त्यात सोन्याची पाने आणि पोर्सेलिनची पांढरी फुले होतीच, शिवाय हिरव्या मिनाकामाची चार इवलीशी संत्री होती, तोवर झालेल्या चार मुलांची. प्रतीक असे जगण्याबरोबर वाढले, तर त्याला काही अर्थ. (ताजा मोहर सहज मिळेना, म्हणून त्या काळातील अनेक वधूंनी मेणाची फुले माळली, सुफलतेची खूण मेणाची, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.)

ब्रिटिश राजघराण्यातील वधूच्या पुष्पगुच्छात मर्टल या सदाहरित, सुवासिक झुडपाची डहाळी असते, ती प्रथा राणीच्या थोरल्या कन्येच्या १८५८ मधील विवाहापासूनची, आणि २०११ मधील केट मिडलटन यांच्या गुच्छातही ती होती. १९२३ मध्ये एलिझाबेथ बोव्ज-लायन (दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आई) यांनी आपल्या लग्नात हाती धरलेला गुच्छ लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर ठेवला. त्यांचा एक भाऊ १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. त्यानंतर राजघराण्यातील वधूंचे गुच्छ तेथे पाठवले जाऊ लागले. हा अर्थ कोणत्याही यादीत सापडणार नाही.

आता थोडे उपयोगाविषयी, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. सजावटीत देठ रोवण्यासाठी वापरतात तो हिरवा फोम कोरडा असताना बोटाने दाबला, तर लगेच खड्डा पडतो आणि बोटाला बारीक भुकटी लागते. ती भुकटी प्लास्टिकची असते. ती मातीत मिसळून जात नाही आणि सजावटीचे पाणी ओतून देताना त्याबरोबर वाहून जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत हा फोम बंद केला. पाण्याच्या भांड्यात तारेची जाळी चुरगळून बसवली, तरी देठ नीट उभे राहतात आणि जाळी पुन्हा वापरता येते.

याहून गंभीर बाब विषाची आहे. लिली ऑफ द व्हॅली हे घंटेसारखे इवलेसे पांढरे फूल वधूच्या गुच्छात लाडके, पण त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि ज्या पाण्यात ते ठेवले तेही निर्धोक नसते. केकवर किंवा लहान मुलांच्या हाताशी ते असता कामा नये.

आपण ही यादी पुन्हा छापणार असाल, तर प्रत्येक फुलापुढे त्याचा हंगाम, पाण्याशिवाय ते किती वेळ तग धरते आणि ते विषारी आहे का, एवढे अवश्य द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक