घेरातली तार काढल्याबद्दल: कारिन्स्काबाईंना आभारपत्र

आदरणीय कारिन्स्काबाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही बॅलेचे पोशाख घडवलेत; तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. पण जे बॅलेचे पोशाख शिवतात, किंवा लेहेंग्याखाली कॅनकॅन लावता लावता एखाद्या टूटूचं, म्हणजे बॅलेच्या फुगीर जाळीदार घेराच्या पोशाखाचं, काम अंगावर घेतात, त्यांच्या वाचनात यावं म्हणून ते उघडं लिहितो आहोत. आभार दोन गोष्टींचे मानायचे आहेत. तुम्ही घेरातली तार काढलीत आणि बॉडिसला, म्हणजे घेराच्या वरच्या घट्ट चोळीला, श्वास घेऊ दिलात.

तारेचा जाच समजायला थोडं मागे जावं लागतं. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात मारी तालिओनी 'ला सिल्फीद'मध्ये नाचली, तेव्हा तिचा पांढरा घेर पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा होता. असे घेर पातळ सुती मलमलीचे आणि खळ दिलेल्या तार्लतान या विरळ सुती कापडाचे असत. दिसायला धुक्यासारखे, पण गॅसच्या दिव्यांजवळ जीवघेणे. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी एमा लिव्रीच्या घेराला आग लागली आणि आठ महिन्यांनी ती गेली. आग रोखणारं द्रावण तेव्हा मिळत होतं. पण त्यात बुडवलेलं कापड कडक आणि पिवळट होतं म्हणून तिनं ते नाकारलं होतं. कापडाचा सुळसुळीतपणा आणि नर्तकीचा जीव यांत निवड करायची वेळ कोणावर येऊ नये, असं ते प्रकरण आठवलं की प्रत्येक वेळी वाटतं.

पुढे घेर आखूड होत गेला. इटलीच्या नर्तकींचं पायाचं काम गुंतागुंतीचं झालं होतं आणि ते प्रेक्षकांना दिसायला हवं होतं. १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्की पीटर्सबर्गमध्ये आली, तिनं नेहमीच्या लांबीचा घेर घालायला नकार दिला. विसाव्या शतकात हा आखूड घेर कमरेवर ठेवलेल्या ताटासारखा सपाट झाला. दहा-बारा थर जाळी, आणि मधल्या एका थरात शिवलेल्या पट्टीतून फिरवलेली पोलादी तार.

एकटी नर्तकी मंचावर असेल तर तारेचा घेर सुंदर दिसतो. अडचण गर्दीत होते. तारेची कडी ताठ असते, म्हणून एका बाजूनं दाबली की दुसरी बाजू उचलली जाते. ओळीत उभ्या असलेल्या दोघींचे घेर एकमेकांना टेकले की दोन्ही ताटं तिरकी होतात, त्यांचा धक्का तिसरीला लागतो आणि सबंध ओळ डळमळल्यासारखी दिसते. नृत्यरचनाकार जॉर्ज बालांचीन यांच्या 'सिंफनी इन सी'च्या शेवटी तर मंच नर्तकींनी अक्षरशः भरून जातो. १९५० मध्ये त्याच बॅलेसाठी तुम्ही तार फेकून दिलीत.

तार नाही, तर घेर उभा कसा राहतो? तुमचं उत्तर इतकं साधं की शिवून पाहिल्याशिवाय पटत नाही. जाळीचे थर फक्त सहा-सात. सर्वांत खालचा सर्वांत आखूड, आणि वरचा प्रत्येक थर त्याच्या खालच्यापेक्षा अर्धा इंच लांब. खालचा आखूड, दाट चुण्यांचा थर वरच्याला टेकू देतो, तो त्याच्या वरच्याला. मग सगळे थर आतून सैल टाक्यांनी एकमेकांना बांधायचे. घेर ताटासारखा न राहता पावडरच्या पफसारखा फुगतो, शेजारणीला लागला तर दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. त्याचं नावच पावडर-पफ टूटू पडलं.

काम बिघडतं ते याच टाक्यांत. दोरा ओढून बांधला तर घेरावर गादीसारखे खड्डे पडतात. फारच सैल सोडला तर दोन-चार प्रयोगांत थर सुटे होऊन खाली लोंबतात. दोन थरांमध्ये बोट सहज फिरेल एवढी ढील ठेवावी आणि प्रत्येक टाका स्वतंत्र गाठीनं संपवावा. एकाच दोऱ्यानं सगळीकडे फिरलं तर एक टाका तुटताच सगळी रांग सुटते. दुसरी चूक कापतानाच होते. जाळी एका दिशेला जास्त ताणते. ती दिशा कमरेभोवती चुण्यांकडे ठेवायची आणि कडक दिशा बाहेरच्या बाजूला. उलटं कापलं तर घेर पहिल्याच दिवशी मान टाकतो. चुण्याही आधी चार भागांत खुणा करून वाटून घ्याव्यात, नाहीतर शिवणीजवळ गोळा होतात आणि घेर एका कुशीवर झुकतो. आणि नायलॉनच्या जाळीवर गरम इस्त्री टेकवू नये, ती वितळते. लांबून वाफ द्यावी.

आता बॉडिस. 'जोन ऑफ आर्क' चित्रपटाच्या पोशाखांसाठी तुम्हाला ऑस्कर मिळालं हे पुष्कळांना माहीत असतं. आमच्या लेखी तुमची उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, कळी त्याहून मोठी आहे. न ताणणाऱ्या विणीचं कापड उभ्या-आडव्या धाग्यावर कापून अंगाला घट्ट बसवलं, तर छाती फुगायला जागाच उरत नाही. सैल ठेवलं, तर जोडीदारानं कमरेला धरून उचलताना अंग आत राहतं आणि कापड वर सरकतं. तुम्ही पुढचे तुकडे सरळ धाग्यावर ठेवलेत आणि बगलेकडच्या कळ्या उरेब कापल्यात. समोरून बॉडिस ताठ, बाजूंनी श्वासाबरोबर पसरणारा. उरेब तुकडा शिवताना हातानं ओढायचा नाही, मशीनखालून आपोआप जाऊ द्यायचा. ओढला की शिवण लाटांसारखी होते आणि ती लाट कशानंही बसत नाही. कापल्यावर तुकडे एक रात्र टांगून ठेवले तर उरेब जेवढं लोंबायचं तेवढं लोंबतं, मग पुन्हा मापात छाटता येतं.

बॉडिस घेराला सलग शिवू नये, हेही इथेच सांगायला हवं. पुढे-मागे मोजक्या ठिकाणी टाचला की हात वर गेले तरी घेर जागचा हलत नाही. पाठीला चेन नको, हूक हवेत. चेन मंचावर फाटली तर सगळी पाठ उघडी पडते. हूक एखादा गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. हूक अडकवायच्या कड्यांच्या दोन-तीन रांगा लावल्या की तोच पोशाख कमी-जास्त मापाच्या नर्तकींना चालतो.

लिओटार्डचा, म्हणजे अंगाला चिकटून बसणाऱ्या एकसलग पोशाखाचा, उल्लेख केल्याशिवाय तुमच्या उरेब कळीचं मोल पुरतं कळणार नाही. तो पोशाख डोंबाऱ्याच्या खेळाच्या जवळचा. तुलूझचा झूल लेओतार १२ नोव्हेंबर १८५९ रोजी पॅरिसच्या सर्कशीत एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेपावला, तेव्हा त्याच्या अंगावर विणलेला एकसलग घट्ट पोशाख होता. दोरीत अडकेल असं काहीच लोंबत नव्हतं. पुढे त्याच्या नावानं ओळखला गेलेला हा पोशाख बॅलेच्या वर्गात सरावासाठी आला आणि बालांचीन यांनी तो थेट मंचावर आणला: १९५१ मध्ये 'द फोर टेंपरामेंट्स'चे भरजरी पोशाख उतरवून, आणि १९५७ मध्ये 'अगॉन' पहिल्यापासूनच काळ्या लिओटार्डमध्ये. ताणून पुन्हा आखडणारा स्पँडेक्सचा धागा मात्र १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. त्याआधीचे लोकरी-सुती लिओटार्ड बसकणीत आणि कोपरात पोंगे धरत. म्हणजे स्पँडेक्स बाजारात नव्हतं, त्या काळात तुम्ही साध्या कापडातून ताण काढलात, केवळ कात्री तिरकी धरून.

आज स्पँडेक्स सगळीकडे मिळतं, तरी उचलण्याच्या नृत्यात न ताणणाऱ्या कापडाचाच बॉडिस भरवशाचा, कारण ताणणारं कापड जोडीदाराच्या पकडीत त्वचेवरून घसरतं. लिओटार्ड शिवणाऱ्यांनी कमरेपेक्षा एका मापाकडे जास्त लक्ष द्यावं: खांद्यावरून पुढे, पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत. ते अपुरं पडलं की खांदे काचतात. जास्त झालं की कमरेवर घडी पडते. शिवण झिगझॅग किंवा ओव्हरलॉकची घालावी. साध्या सरळ शिवणीचा दोरा पहिल्याच ताणाला तुटतो.

तुमचं काम एकाच संध्याकाळी पाहायचं तर बालांचीन यांचं १९६७ चं तीन भागांचं बॅले 'ज्युएल्स'. 'एमराल्ड्स'मध्ये लांब, झुळझुळीत घेर. 'रूबीज'मध्ये मांडीवरच थांबणारा आखूड, सुट्या पाकळ्यांचा. आणि 'डायमंड्स'मध्ये शुभ्र टूटू. तालिओनीपासून तुमच्यापर्यंतची वाट तिथे एका पडद्याआड सापडते.

१९७७ च्या 'व्हिएन्ना वॉल्ट्झेस'नंतर तुमचं काम थांबलं आणि १९८३ मध्ये, बालांचीन गेले त्याच वर्षी, तुम्हीही गेलात. तुमच्या पद्धतीचे टूटू आम्ही उलटे टांगतो, बॉडिस खाली आणि जाळी वर, म्हणजे थर आपल्याच भारानं दबत नाहीत. बॉडिसच्या अस्तरावर प्रयोगानंतर व्होडकाचा फवारा मारतो. घामाचा वास जातो आणि पाण्यात न बुडवल्यानं उरेब कळी आटत नाही. त्या कळीची तुम्हाला आमच्याकडून काळजी नसावी.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणी,
बॅलेचे पोशाख शिवणारे आम्ही सर्व